जोडी फोडून मिळणार नाही

संगणकाला बैल माहीत नव्हता, इथूनच सगळी भांडणं सुरू झाली.

पुण्याच्या एका कंपनीनं गावाकडच्या वस्तू इंटरनेटवरून विकायचं काढलं होतं आणि आमच्या ओतूरच्या दुकानातला माल त्यांना हवा होता. आमचं दुकान बैलाच्या साजाचं. घुंगरमाळा, गोंडे, झुली, कासरे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, शिंगांच्या टोकांना घालायच्या पितळी शेंब्या. माल विकायला लागण्याआधी त्याची माहिती एका तक्त्यात भरून पाठवायची होती. एका वस्तूला एक ओळ, आणि ओळीत रकाने इतके की पडद्यावर मावायचे नाहीत, उजवीकडे सरकवत राहायचं. पहिलाच रकाना होता 'वर्ग'. त्यावर टिचकी मारली की यादी उघडायची आणि तिच्यातलं एक निवडायचं. कपडे होते, दागिने होते, खेळणी होती, आणि खाली 'पाळीव प्राणी' होते. मला हायसं वाटलं. ते उघडलं तर आत कुत्रा, मांजर आणि मासे.

मी कंपनीच्या मॅडमना फोन लावला.

"बैल कुठं टाकू?"

"तुम्ही बैलपण विकता?"

"बैलाचा साज विकतो."

"मग होम डेकोरमध्ये टाका ना. भिंतीवर छान दिसेल."

घरी येऊन आईला सांगितलं. ती गोंड्यासाठी लोकर विंचरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या भिंती नांगर वढत्यात व्हय?"

हे दोन हजार आठच्या आसपासचं. मी ओतूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले होते आणि नारायणगावला संगणकाचा कोर्स केला होता. नारायणगाव संपून वारूळवाडी कुठं सुरू होते ते कळत नाही, त्या भागात एक सायबर कॅफे होता. एसटीनं तिथं जाऊन मी तक्ता भरत बसायचे. शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं मोटारसायकलींचे फोटो बघायची, आणि मी घुंगरांची वजनं टाइप करायचे.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी लहान होते. ते दर सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात माल मांडून बसायचे. त्यांचे दिवस झाले आणि पुढच्याच सोमवारी आईनं पोतं बांधलं आणि ती बेल्ह्याला गेली. बैलबाजार म्हणजे सगळं पुरुषांचं राज्य. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणारे, पंचाखाली बोटं धरून भाव ठरवणारे, आणि भाव ठरला की गुत्त्याकडे वळणारे. माझे काका तिथले दलाल. ते चार लोकांदेखत तिला म्हणाले, "वयनी, हा बायामानसांचा बाजार न्हाई. दुकानात बसा, न्हाईतर घरी बसा."

"भावजी, बैल दुकानात येत न्हाईत," आई म्हणाली आणि गोणपाट अंथरून तिथंच बसली. ती त्यानंतर एकही सोमवार चुकली नाही.

मी मात्र त्या बाजारात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा कायदा होता. शाळेला सुट्टी असली तरी नाही. शेण, धूळ, दारू प्यालेली गिऱ्हाइकं आणि अंगावरून फिरणाऱ्या नजरा, हे सगळं तिनं सोसलं आणि ते माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मला शिकवलं. पुण्याच्या कंपनीचं ऐकल्यावर तिला कौतुक वाटलं तेही तेवढ्याचसाठी. "तू सावलीत बसून इक," ती म्हणाली. "बाजार तुझ्यापतुर येऊ दे. मंग मी बी गोनपाट गुंडाळते." मला तिचं ते गोणपाट गुंडाळलेलं बघायचं होतं. कंपनीचं भलं करायला मी काही तो तक्ता भरत नव्हते.

रकाने आता आठवले की हसू येतं, तेव्हा मात्र डोकंच फिरायचं. 'लिंग' हा रकाना सक्तीचा होता, कारण तक्ता मुळात कपड्यांसाठी बेतलेला. पुरुष, स्त्री की दोघांसाठी? रिकामा सोडला की सगळी ओळ लाल व्हायची. मी 'पुरुष' निवडलं. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. 'माप' या रकान्यात लहान, मध्यम, मोठं. आमच्याकडं वासराचं, खोंडाचं आणि बैलाचं. 'रंग' या रकान्यात गुलाबी एकच. आई तीन गुलाबी लोकरी वापरायची आणि त्यातल्या एकीला ती नुसतं 'जत्रंचा गुलाबी' म्हणायची. मी विचारलं, हा कुठला रंग? ती म्हणाली, जत्रेत असतो तो.

फोटोंची तर वेगळीच तऱ्हा. पहिले फोटो मी शेजाऱ्यांच्या बैलाच्या गळ्यात माळ बांधून काढले. स्टुडिओवाल्याचा डिजिटल कॅमेरा मागून आणला होता, आणि बैलानं तो चाटला. एवढं करून कंपनीनं फोटो परत पाठवले. पार्श्वभूमी पांढरी हवी आणि प्राणी नको. मग भिंतीला चादर लावून खिळ्याला माळ अडकवली. खिळ्यावर ती अगदी मेल्यासारखी दिसायची. घुंगरमाळेला मान लागते, पण ते कुणाला सांगायचं?

माझं खरं वाजलं ते वर्णनावरून. मी लिहायचे, 'बैलाच्या गळ्यात बांधायची घुंगरमाळ'. कंपनीची माणसं ते काढून 'भिंतीवरची पारंपरिक शोभा' अशा अर्थाचं इंग्रजी टाकायची. मी पुन्हा बैल घालायचे, ते पुन्हा काढायचे. शेवटी मॅडमच थकल्या आणि दोन्ही राहू द्या म्हणाल्या. मी फड मारल्याच्या थाटात घरी आले तर आईला त्याचं काहीच नव्हतं. "घेनारा कमरंला बांधू दे, मला काय त्याचं," ती म्हणाली. तिचं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच जागी.

आमच्या दुकानात कुठलीच वस्तू एक मिळत नाही. बैल जोडीनं जुंपतात, म्हणून साजही जोडीनंच. आणि जोडीतल्या दोन माळा एकसारख्या नसतात. गोंडा बाहेरच्या अंगाला यावा लागतो, म्हणून डाव्या बैलाच्या माळेला तो डावीकडं असतो आणि उजव्याच्या उजवीकडं. जोडीतला एक बैल मेला की दुसऱ्याच्या गळ्यातली माळ काढून ठेवायची, नवा जोडीदार येईपर्यंत ती बांधायची नाही, असं आमच्या घरी पहिल्यापासून पाळलेलं. दुकानात एकटी माळ कुणाला दिसली तर तो विचारणार, कुणाचा बैल गेला? त्यामुळं आमच्याकडं एकटी माळ करायची नाही, विकायची नाही आणि ठेवायचीही नाही.

तक्त्यात 'एकक' म्हणून रकाना होता आणि त्यात फक्त 'नग' चालत होतं. मी 'जोडी' लिहिलं, ओळ लाल झाली. मग मी 'एक नग' लिहिलं आणि जोडीचा भाव टाकला. याला चूक म्हणायची तर म्हणा, पण आमच्याकडच्या कुणालाही ती चूक वाटली नसती. घुंगरमाळ म्हटलं की जोडीच. चपला घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला 'दोन द्या' असं सांगतो का?

माळा विकल्या जायला लागल्या. शहरातल्या लोकांना एकीच्या जागी दोन मिळायच्या, आणि ते खूश होऊन गप्प बसायचे. मग पुण्यात एक प्रामाणिक गिऱ्हाईक निघालं. त्यानं एक माळ ठेवून घेतली आणि 'चुकून एक जास्त आली' अशी चिठ्ठी लावून दुसरी कुरिअरनं परत पाठवली.

मी पुडकं घेऊन आत यायला निघाले तर आईनं दारातच अडवलं. "उंबऱ्याच्या आत आनू नगं ती. तिथंच बस आन् उसव."

"अगं, चांगली आहे. हिला जोड कर की दुसरी."

"हिची जोड पुन्याला हाय. उसव म्हनलं ना."

मी पायरीवर बसून तिच्याच हातचं काम तिच्याच समोर उसवलं. चामड्याच्या पट्ट्याची शिवण कापली, घुंगरं सुटी केली, गोंड्याची गाठ सोडली. तिनं घुंगरं डब्यात टाकली, लोकर लोकरीत टाकली आणि मला चहाला आत बोलावलं. मला रडू येत होतं, रागानं. एवढं शिकून मी काय करत होते, तर तयार माल उसवत होते.

त्या एका माळेमुळं कंपनीला आमचा हिशेब कळला. मॅडमचा फोन आला. "ताई, तुमचा दुप्पट माल जातोय. नुकसान तुमचंच आहे. यापुढं एक नग म्हणजे एकच."

"मॅडम, नग नाही, जोडी असते."

"सिस्टीममध्ये जोडी नाही."

"मग सिस्टीम चुकली आहे."

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

आणि तेवढ्यात ती मोठी मागणी आली. घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या वाटेला एक नवीन हॉटेल होत होतं. पंधरा खोल्या, आणि प्रत्येक खोलीच्या दारावर एक घुंगरमाळ लावायची होती. पंधरा माळा. इतकी मोठी मागणी आम्हाला कधी आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, हे नीट पार पडलं तर तुमचा सगळा माल आम्ही कायमचा घेऊ, बाजारात बसायची गरजच उरणार नाही. नेमकं हेच त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात आईचं गोणपाट गुंडाळून माळ्यावर टाकून दिलं.

माळेचे चामडी पट्टे जुन्नरचे एक चाचा करायचे. वडिलांच्या वेळेपासून तेच. मी स्वतः जाऊन त्यांना पंधरा पट्टे सांगून आले. आणायला गेले तर सोळा.

"चाचा, पंधरा सांगितले होते."

"हां, पंधराच म्हनलीस बेटा. पर पंधरा कसे करू? एक कापला की दुसरा कापायला हात जातोच. सोळाव्याचं काय देऊ नको."

म्हणजे आई आणि चाचा, दोघं एकमेकांशी न बोलता एकाच बाजूला होते. मी मॅडमना फोन केला. सोळा पाठवते, सोळावी फुकट. त्या वैतागल्या. "पंधरा दारांना सोळा कशाला? ते जास्तीची परत करणार आणि तुमच्या खात्यावर चुकीच्या मालाचा शेरा पडणार. पंधरा पाठवा, एक घरात ठेवा. कुणाला कळणार आहे?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा अगदी पटलं. मी आईला तसंच सांगितलं. ती शेवटच्या माळेची घुंगरं ओवत होती.

"सोळा," ती म्हणाली, "न्हाईतर काय बी न्हाई."

मी तिला समजावलं. मग विनवलं. मग आवाज चढला. दारावर लागणार आहेत त्या, तिथं कुठला आलाय बैल? ती ओवतच राहिली. तेव्हा मी म्हणाले, "एकटं असणं एवढं अभद्र असतं का ग? तू नाही राहिलीस एकटी?"

लेकीनं आईला असं बोलू नये, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मी ते बोलले नसते तर तिनं पुढचं कधी सांगितलंच नसतं.

तिनं दाभण खाली ठेवलं. "मी बैल न्हाई," ती म्हणाली.

मग तीच पुढं सांगू लागली.

"एकला बैल नांगराला चालत न्हाई, गाड्याला चालत न्हाई. मालक थोडं दिस वाट बघतो. जोडीदार मिळाला न्हाई तर इकून टाकतो. कुठं जातो त्यो, ते म्या बेल्ह्याला बसून दर सोमवारी बघितलंय. त्याला तोंड न्हाई बोलायला. माळ काढल्याली दिसली की लोक इचारत्यात तरी, आन् एखांदा जोडीदार सुचवतो. एकली माळ मी करून द्याय लागले तर मी बी म्हनल्यासारखं झालं, की चालतंय, जाऊ द्या त्याला. तुझा बाप गेला तवा मला बी समद्यांनी दावनीला बांधाय बघितलं. मला तोंड व्हतं. मी बोलले."

मी विचारलं, "आणि ही मागणी गेली तर तू बाजारातून कधी उठणार?"

तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. या सगळ्यात काय जाणार होतं ते तिला माझ्याआधी कळलं होतं. तिनं दाभण पुन्हा उचललं. "बसंन की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी नारायणगावला गेले. मागणी रद्द करायचीही एक खिडकी असते. तिथं कारण निवडावं लागतं. माल संपला, किंमत चुकली, इतर. मी मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ठीक आहे, 'माल संपला' निवडा. म्हणजे शेरा लागणार नाही, खातं चालू राहील. पुढच्या वेळी बघू."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला वाट काढून दिली होती, एका टिचकीची. पण घरी सोळा माळा तयार होत्या, आठ डाव्या आणि आठ उजव्या. बोटं सोलवटेपर्यंत आईनं त्या केल्या होत्या. तो माल संपला असं मी का लिहू? मी 'इतर' निवडलं. खाली एक चौकोन उघडला. त्यात मी लिहिलं, 'माल तयार आहे. जोडी फोडून मिळणार नाही.' आणि बटण दाबून टाकलं.

कंपनीनं आमचं खातं बंद केलं. मॅडमचा शेवटचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हट्टापायी स्वतःचं नुकसान करून घेतलंत ताई."

"हट्ट नाही मॅडम, मालाची माहिती आहे ती. तुमच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता, म्हणून तिथं लिहिली."

वर्षभरानं त्यांच्याकडून एक ईमेल आला. नव्या तक्त्यात 'दोनचा संच' असं एकक घेतलंय, पुन्हा यायचं असेल तर कळवा. मी तो आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बैल गेला आन् झोपा केला." मी उत्तर पाठवलं नाही. तोवर मला दुसरं काम लागलं होतं, आणि ते लागलं कसं, ते सांगून थांबते.

खातं बंद झाल्यानंतरच्या सोमवारी आई पोतं बांधायला बसली. मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"तू कुठं?"

"बेल्ह्याला."

"तुला न्हाई म्हनलेलं हाय."

"तुझं ऐकून सावलीत बसून बघितलं. तिथं दुसऱ्याच्या मर्जीनं बसावं लागतं. मी येतेय."

टेम्पोत तिनं पोतं आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. बेल्ह्याला उतरल्यावर गोणपाट अंथरलं, आणि अर्ध्याच गोणपाटावर बसली. उरलेल्या अर्ध्यावर मी बसले. आजूबाजूला सगळे बघत होते. एक जण मुद्दाम परत फिरून बघून गेला. माझे कान तापले होते, पण मी मान खाली घातली नाही. आम्ही त्या आठ जोड्या समोर मांडल्या. खोंडांची जोडी घेऊन आलेला एक शेतकरी समोर उकिडवा बसून माळा हलवून बघायला लागला.

तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकलेले काका आले. आमच्या आणि त्या गिऱ्हाइकाच्या मधोमध उभे राहिले आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वयनी, शिकल्याली पोर बी बाजारात बसवली व्हय?"

आई गोंड्याची गाठ आवळत होती. तिनं ती आवळून पुरी केली.

"मी न्हाई बसवली, भावजी. तिची ती बसली."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काका, जरा बाजूला व्हा. गिऱ्हाइकाला माल दिसत नाही."

काका बाजूला झाले.